पोवई नाका ते बोगदा पुरत नाही: दोघांच्या लांब प्रवासासाठी एका जुन्या टूररची पारख

गाडी सेकंडहँड, 400 सीसी वर्गातली, एक सिलिंडरची अ‍ॅडव्हेंचर-टूरर. वय तीन वर्षं, मीटरवर 14,200 किलोमीटर. घेणारं जोडपं साताऱ्याचं. गृहस्थ 47 वर्षांचे, उंची 166 सेंटिमीटर, वजन 74 किलो. पत्नी 44 वर्षांच्या, 158 सेंटिमीटर, 61 किलो. जानेवारीत कन्याकुमारीला जाऊन यायचं, बारा दिवस, रोज 300 ते 350 किलोमीटर, असा बेत. साताऱ्यातल्याच पोवई नाक्यापासून बोगद्यापर्यंत वीस मिनिटांची चक्कर मारून झाली होती आणि गाडी दोघांनाही पसंत पडली होती. मालक ओळखीतला असल्यामुळे आरसी, विमा, पीयूसी आणि संमतीच्या चिठ्ठीसह तो तीन रविवार गाडी द्यायला तयार झाला. ही सवलत सगळ्यांना मिळत नाही. मिळत असेल तर सोडू नये.

वीस मिनिटांत गाडीचा दम कळतो, ब्रेक कळतात, आवाज कळतो. बसणं कळत नाही. सीटचा फोम अंगाच्या उबेने आणि वजनाने दबत जायला पाऊण तास लागतो. तळहाताच्या करंगळीकडच्या कडेने जाणारी नस दाबली जात असेल तर बोटांना मुंग्या तासाभराने येतात. कंबर दीड तास निमूट सोसते आणि मग एकदम बोलते. म्हणून फेरी अशी हवी की त्रास सुरू होईलच, आणि तीच फेरी पुन्हा जशीच्या तशी करता येईल.

रस्ता असा ठरला: साताऱ्याहून महामार्गाने कराड, तिथून पाटणमार्गे कोयनानगर; परतताना मल्हारपेठेवरून उंब्रजला निघून पुन्हा महामार्ग. सगळं मिळून 190 किलोमीटरच्या घरात. शेंद्र्याच्या पुढे सहापदरीकरणाच्या कामामुळे मध्येच सर्व्हिस रोडला उतरावं लागतं, तिथले खड्डे आणि सांधे सस्पेन्शनची परीक्षा घेतात. तासवड्याच्या टोलनाक्याजवळचे रंबलर मनगटाला काय करतात तेही कळतं. पाटणनंतर कोयनेच्या अंगाने वळणं सुरू होतात. महामार्गावर वेग 80 धरला. चौपदरी रस्त्यावर दुचाकीला तीच मर्यादा आहे आणि दोघं, सामान असा प्रवास त्याच वेगाने व्हायचा आहे. 120 ला गाडी किती स्थिर राहते हा इथे प्रश्नच नव्हता.

प्रवासाला सामान 18 किलो होणार होतं, म्हणून तेवढाच गहू मोजून दोन बाजूच्या बॅगांत आणि टॉपबॉक्समध्ये भरला. टॉपबॉक्समध्ये फक्त 4 किलो, कारण ते वजन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे येतं आणि पुढचं चाक हलकं करतं. दोघं, हेल्मेट-जॅकेट-बूट आणि गहू मिळून भार 165 किलो झाला. कंपनीने दिलेली मर्यादा 180 किलोची होती. हा हिशोब आधी करावा. मर्यादा ओलांडली असेल तर पुढच्या सेटिंगला काही अर्थ उरत नाही.

नोंदीची पद्धत साधी. दर अर्ध्या तासाला थांबून दोघांनी वेगवेगळ्या कागदावर पाच ठिकाणांना शून्य ते दहा आकडा द्यायचा: बैठक, कंबर, मनगट-बोटं, मान-खांदे, गुडघे. एकमेकांना आकडा सांगायचा नाही. आणि तो गाडीवरून उतरण्याआधीच मनात पक्का करायचा, कारण उतरून दहा पावलं चाललं की अंग अर्धी तक्रार विसरतं. तिन्ही फेऱ्यांना कपडे तेच ठेवले. जीन्स मुद्दाम टाळली. तिची मधली जाड शिवण तासाभरात टोचायला लागते आणि दोष सीटवर जातो.

पहिली फेरी: गाडी जशी आली तशी

सकाळी साडेसहाला निघाले. उंब्रजपर्यंत दोघांचेही आकडे एकच्या आत. कराड सोडल्यावर, साधारण 70 मिनिटांनी, गृहस्थांच्या उजव्या हाताच्या करंगळी आणि अनामिकेला मुंग्या आल्या. दीड तासाला माकडहाड दुखायला लागलं, आणि पाटणला पोचेपर्यंत बैठकीचा आकडा 6 झाला. पत्नींची तक्रार निराळी होती. "अहो, ब्रेक लावला की मी तुमच्या पाठीवर येते," हे त्यांनी तीनदा सांगितलं. त्यांच्या गुडघ्यांचा आकडा 8 होता, सव्वा तासातच. कोयनानगरला पोचल्यावर दोघांनाही पाय सरळ करून बसावंसं वाटत होतं. परतीला हेल्मेटवर वाऱ्याचा मारा इतका झाला की उंब्रजनंतर मान आखडली.

इथे बहुतेक जण निष्कर्ष काढून मोकळे होतात: सीट खराब आहे, गाडी नको. किंवा जेल पॅड टाकू, हँडल उंच करणारे रायझर लावू, होईल ठीक. दोन्ही घाईचं आहे. दुखणं कुठे, कधी आणि कुठल्या बाजूला होतं यावरून कारण बरंचसं सांगता येतं.

बोटांचंच घ्या. एक सिलिंडरची गाडी म्हटलं की व्हायब्रेशनवर बोट ठेवायची सवय असते. परतीच्या महामार्गावर ते तपासून पाहिलं. 80 च्या वेगाला सहाव्या गिअरमध्ये इंजिन 4,400 आरपीएमवर होतं, पाचव्यात 5,000 वर. वेग तोच ठेवून गिअर बदलल्यावर मुंग्या कमी-जास्त झाल्या तर दोष इंजिनाच्या कंपनाचा. आरपीएम तोच ठेवून वेगाप्रमाणे बदलल्या तर चाकाचा बॅलन्स किंवा टायर. इथे दोन्हींनी फरक पडला नाही. शिवाय त्रास फक्त उजव्या हाताला होता; कंपन दोन्ही मुठींत सारखंच येतं. म्हणजे कारण उजव्या हाताच्या ठेवणीत होतं. गाडी स्टँडवर घेऊन गृहस्थांना बसवलं, डोळे मिटून हात मुठीवर ठेवायला सांगितले आणि बाजूने पाहिलं. ब्रेकचा लिव्हर जवळजवळ आडवा बसवलेला होता. बोटं त्यावर ठेवायची तर मनगट मागे मुडपत होतं आणि तळहाताची करंगळीकडची कड मुठीवर दाबली जात होती.  

बैठकीचंही तसंच. बसण्याच्या दोन हाडांखाली दुखत असेल तर फोम दबून गेलाय. मांडीच्या आतल्या बाजूला दुखत असेल तर सीटची कड रुंद किंवा टोकदार आहे. माकडहाड दुखतं तेव्हा कंबर मागे कलंडलेली असते, माणूस पाठीला बाक काढून बसलेला असतो. पाटणच्या थांब्यावर काढलेल्या बाजूच्या फोटोत ते स्पष्ट दिसलं: गृहस्थ घसरत टाकीला भिडले होते, हँडल फार जवळ आलं होतं, पाठ गोल झाली होती. सीटवर एक सरळ लाकडी पट्टी ठेवून मोबाइलच्या लेव्हल अ‍ॅपने मोजलं तर पुढे 5 अंशांचा उतार निघाला. फोमची गादी मात्र ठीक होती. गुडघा रोवून सगळं वजन टाकलं तरी खालचा प्लास्टिकचा तळ लागत नव्हता.

आधी हवा, मग स्प्रिंग

पुढच्या आठवड्यात सेटिंगला हात घातला तो टायरपासून, गाडी थंड असताना. चेनगार्डवरच्या स्टिकरवर मागे एकट्यासाठी 32, दोघांसाठी 36 पीएसआय होतं. प्रत्यक्षात 42 भरलेली होती. पंपावर "दोघं आहात ना, थोडी जास्त टाकतो" असं म्हणून भरली जाते तीच ही हवा. इतक्या कडक टायरवर रस्त्याचा प्रत्येक सांधा थेट पाठीत येतो, आणि मग माणूस सस्पेन्शनला दोष देतो. हवा सगळ्यात आधी तपासायची कारण पुढचं प्रत्येक मोजमाप टायरवर उभं असतं. त्याच वेळी चेनही पाहिली. ती ताणून बसवली होती, ढिलाई जेमतेम 15 मिलिमीटर. लांब ट्रॅव्हलच्या, म्हणजे चाकाला वर-खाली हलायला जास्त वाव असलेल्या, गाडीला ती मॅन्युअलप्रमाणेच सोडावी लागते. नाहीतर मागचा भाग दबला की चेन आणखी ताणते, चाकाला वर यायला वाव राहत नाही आणि स्प्रॉकेट-बेअरिंग खातात ते वेगळंच.

मग सॅग. म्हणजे भार घेतल्यावर मागचा भाग किती बसतो ते. यासाठी तीन माणसं लागतात: दोन बसायला, एक मोजायला. मागचं चाक उचललेलं असताना अ‍ॅक्सलच्या मध्यापासून बरोबर वर, बॉडीवर चिकटपट्टीची खूण करून अंतर घेतलं: 662 मिलिमीटर. नंतर दोघं पूर्ण कपड्यांत, गव्हासह बसले, मोजणाऱ्याने मागचा भाग दोनदा दाबून सोडला म्हणजे सील आणि लिंकेजमधली अडखळ निघून जाते, आणि पुन्हा मोजलं: 572. फरक 90 मिलिमीटर. मागच्या चाकाचा ट्रॅव्हल 200, म्हणजे 45 टक्के बसण्यातच खर्च. असा खर्च साधारण 30 ते 33 टक्क्यांपर्यंत असावा. उरलेल्या अर्ध्या ट्रॅव्हलमध्ये शेंद्र्याच्या पुढचे खड्डे मावत नव्हते, म्हणून पत्नींच्या कमरेला दणके बसत होते.

प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी, कॉलर सात खाचांची, दुसऱ्या खाचेत होती. सी-पान्याने सहाव्या खाचेत नेली. खाचांमधली माती आधी ब्रशने आणि डब्ल्यूडी-40 ने साफ केली, नाहीतर पाना घसरून बोटं सोलतात. पुन्हा मोजलं: 596, म्हणजे 66 मिलिमीटर, 33 टक्के. बरेच जण समजतात की प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक झाली. स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो. गाडी आपल्या योग्य उंचीवर येते, एवढंच.

पण त्याची किंमत असते. मागचा भाग 24 मिलिमीटर वर आला. या गाडीचा व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) 1,510 मिलिमीटर. हिशोब केला तर सगळी गाडी जवळजवळ एक अंश पुढे झुकली. म्हणजे आधीच पुढे उतरणाऱ्या सीटचा उतार आणखी एका अंशाने वाढला. पत्नींच्या कमरेचा उपाय गृहस्थांच्या माकडहाडाच्या मुळावर आला. टूररच्या सेटिंगमध्ये असं नेहमी होतं, आणि म्हणूनच एका फेरीवर कधी भागत नाही. शिवाय हेडलाइटचा झोत खाली गेला. भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करून, दोघं बसलेले असताना, तो स्क्रूने परत वर घेतला.

लिव्हरचा क्लॅम्प सैल करून तो अंदाजे 15 अंश खाली कलवला, इतका की कोपर, मनगट आणि बोटं एका रेषेत यावीत. लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरच्या खिडकीत ब्रेक ऑइलची पातळी दिसतेय ना, हे पाहिलं. लिव्हरची लांबी चार नंबरवरून दोनवर आणली, कारण गृहस्थांचा पंजा लहान. हँडलची दांडी क्लॅम्पमध्ये किंचित मागे फिरवली, बोल्ट तिरक्या जोडीने थोडे थोडे करत टॉर्क पान्याने आवळले. यानंतरची तपासणी कुणीही टाळू नये: इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवायचं. केबलची थ्रॉटल असेल आणि आरपीएम वाढला तर केबल ताणली जातेय. हातगाडीच्या वेगाने यू-टर्न घेताना गाडी आपोआप रेस झाली तर काय होईल याचा विचार करा.

गाडी उचललेली होतीच, म्हणून पुढचं चाकही अधांतरी करून हँडल दोन बोटांनी सावकाश फिरवलं. मध्यावर आल्यावर ते हलकंसं अडकत होतं. कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, गेलेला. महामार्गावर सरळ जाताना गाडी सतत बारीक दुरुस्ती मागते ती यामुळे, आणि खांदे त्यानेही दमतात. टायरवरचा, बनवल्याचा आठवडा आणि वर्ष सांगणारा, चार आकडी कोड पाहिला तर मागचा टायर गाडीसोबतचाच निघाला, वरून नक्षी ठीक पण मध्यभागी सपाट झालेला.

दुसरी फेरी

तोच रस्ता, तीच वेळ. मुंग्या 70 मिनिटांऐवजी दोन तासांनंतर आल्या, आणि त्याही पुसट. पत्नींची कंबर 5 वरून 2 वर आली. त्यांचे गुडघे 8 चे 7 झाले, त्याला सुधारणा म्हणता येणार नाही. माकडहाड मात्र 90 मिनिटांऐवजी 80 मिनिटांतच दुखायला लागलं. अपेक्षा होती तसंच झालं, आणि त्यामुळे उलट खात्री पटली की मूळ उतारात आहे.

वाऱ्याचं निदान याच फेरीत महामार्गावर झालं. 80 ला सीटवरून चार-पाच सेंटिमीटर वर उठलं की आवाज स्वच्छ, सलग. तेवढंच खाली सरकलं तरी शांत. बसल्या उंचीवर मात्र हेल्मेट थडथडायचं. म्हणजे काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेला फाटलेला वारा नेमका हेल्मेटच्या कपाळावर येत होता. उंच काच घेण्याआधी असलेल्या काचेच्या वरच्या दोन बोल्टांखाली 5 मिलिमीटरचे वॉशर टाकून तिचा कोन थोडा उभा केला. थडथड बरीच गेली. आडव्या वाऱ्याची परीक्षा घ्यायला नंतर ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर एक वेगळी चक्कर झाली. तिथल्या पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. टॉपबॉक्ससह गाडी वाऱ्याला ढळते, पण कललेली राहून सरळ जाते, हेलकावत नाही, हे दिसलं. कानात फोमचे इअरप्लग वापरावेत हा आमचा आग्रह आहे. चांगल्या हेल्मेटमध्येही महामार्गावर वाऱ्याचा आवाज दिवसभर ऐकून माणूस जेवढा थकतो, तेवढा गाडी चालवून थकत नाही.

तिसरी फेरी, पाचराच्या फोमवर

सीट कापायची तर गाडी अजून दुसऱ्याची. म्हणून आधी तात्पुरता नमुना केला. रिबॉन्डेड (तुकडे दाबून केलेल्या दाट) फोमचा, पुढे 22 मिलिमीटर आणि मागे शून्य होत जाणारा, 30 सेंटिमीटर लांबीचा पाचर सीटवर ठेवला, वरून जाड सुती कापड, आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी सीटच्या तळाखालून बांधला. पट्टी सायलेन्सरला लागत नाही आणि सीटचं कुलूप पूर्ण बसतंय, हे दोनदा पाहिलं. उतार 6 अंशांवरून दोनच्या खाली आला. पत्नींच्या बाजूला ड्रॉवरमध्ये अंथरतात ती रबरी जाळी टाकली. भांड्यांच्या दुकानात मीटरवर मिळते.

या फेरीत दीड तासाला बैठकीचा आकडा 2 होता, तीन तासांनी 4. मुंग्या कोयनानगरपर्यंत आल्याच नाहीत, आणि हे जास्त महत्त्वाचं. गृहस्थ घसरत नव्हते, म्हणून हातांनी स्वतःला मागे रेटत नव्हते. लिव्हरमुळे बोटांचा अर्धा त्रास होता. उरलेला अर्धा सीटमुळे. पत्नी ब्रेकला पुढे येईनाशा झाल्या.

गुडघे तेवढे राहिले. मागचे फुटरेस्ट या गाडीला उंच आहेत. पत्नींचा गुडघा इतका दुमडतो की 75 मिनिटांनंतर त्या हटकून अस्वस्थ होतात. तिन्ही फेऱ्यांत हा आकडा फारसा बदलला नाही. फॅब्रिकेटरकडून ब्रॅकेट वेल्ड करून फुटरेस्ट खाली घेता येतील, असा सल्ला एका गॅरेजमध्ये मिळाला. तो मानू नये असं आमचं मत पडलं. एका बाजूला सायलेन्सर, दुसऱ्या बाजूला मागचं चाक धरणारा स्विंगआर्म, आणि त्या वेल्डवर माणसाचं सगळं वजन. चढण्या-उतरण्याचाही प्रश्न होता. प्रीलोड वाढल्यावर गृहस्थांचे फक्त चवडे टेकतात, आणि पत्नी डाव्या फुटरेस्टवर उभ्या राहून चढतात तेव्हा गाडी कलते. यावर ठरलं ते असं: गृहस्थांनी दोन्ही पाय टेकून पुढचा ब्रेक धरायचा, "या" म्हणायचं, मगच त्यांनी चढायचं, उतरत्या कडेच्या रस्त्यावर गाडी लावायचीच नाही.

निर्णय घेताना चालवणाऱ्यापेक्षा मागे बसणाऱ्यांच्या कागदाला जास्त वजन दिलं. बेत बदलला: दर 70 मिनिटांना थांबा, रोज 260 ते 280 किलोमीटर, बाराऐवजी पंधरा दिवस. गाडी घेतली. कोनसेट आणि मागच्या टायरचा खर्च किमतीतून वजा करून घेतला, आणि मालकाने तो मान्य केला, कारण दोष त्याच्यासमोर हँडल फिरवून दाखवला होता.

सीट नंतर शहरातल्याच एका सीट कव्हरवाल्याकडून करून घेतली. पाचराचा आकार कायम ठेवून पुढच्या दोन्ही कडा 10 मिलिमीटर तासल्या, म्हणजे उंची वाढूनही पाय सरळ खाली पडतात. तळाला दाट रिबॉन्डेड, वर 20 मिलिमीटर मऊ फोम. बसण्याच्या हाडांखाली शिवण येणार नाही असा रेक्झिनचा काप, आणि रेक्झिनखाली प्लास्टिकचा पातळ कागद, कारण साताऱ्याच्या पावसात शिवणीतून पाणी शिरलं की फोम आठवडाभर ओला राहतो. खर्च 2,800 रुपये.

सीट उचलली की तळाला आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. एकटा: मागे 32, तिसरी खाच. दोघं आणि सामान: मागे 36, सहावी खाच, हेडलाइट वर.